वर्ल्ड सीरिज २०२५: बेट्सला दुसऱ्या नंबरवरून हलवायचं का? आणि पाहेसचं काय करायचं?

निळा_डगआउट | ३० ऑक्टोबर २०२५

वर्ल्ड सीरिज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, आधी चार सामने जिंकेल तो चॅम्पियन. आमच्या लॉस एंजेलिस डॉजर्सचे चौथा आणि पाचवा, घरच्या मैदानावरचे दोन्ही सामने गेले. टोरांटोचे ब्लू जेज ३-२ ने पुढे आहेत आणि उद्या टोरांटोत सहावा सामना आहे, पिचिंगला त्यांचा गॉसमन विरुद्ध आपला यामामोतो. डॉजर्सच्या पिचिंगबद्दल (बॉल टाकण्याबद्दल) तक्रार नाही, तक्रार आहे ती बॅटिंगची. तिसऱ्या सामन्यातल्या आठव्या इनिंगपासून मोजा: तिथल्या ११ इनिंग, पुढचे दोन सामने ९-९, म्हणजे २९ इनिंग. डॉजर्सच्या धावा ४. त्यातली एक फ्रीमनचा अठराव्या इनिंगमधला होमर (होम रन, बॉल कुंपणापार).

पाचव्या सामन्यात मॅनेजर रॉबर्ट्सने बॅटिंग ऑर्डरमध्ये थोडी हलवाहलव केली. विल स्मिथ दुसरा, बेट्स तिसरा, फ्रीमन चौथा. सेंटर फील्डर पाहेसला बसवून अ‍ॅलेक्स कॉलला लेफ्ट फील्डमध्ये उभं केलं आणि कीके सेंटरला गेला. निकाल? जेजचा पिचर येसॅव्हिजने ७ इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर आउट), एकही वॉक (चार वाईट बॉलमुळे फुकटचा फर्स्ट बेस) दिला नाही. धाव आली ती कीकेच्या होमरची, एवढीच.

उद्यासाठी माझी ऑर्डर अशी: ओतानी, स्मिथ, फ्रीमन, बेट्स, मग मन्सी आणि तेओस्कार. खाली कीके, एडमन, रोहास. एडमन सेंटरला, रोहास सेकंड बेसला, पाहेस बेंचवर. बेट्सला लाइनअपमधून काढा असं मी म्हणत नाही, तो शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे) हवाच. पण ओतानीच्या लगेच मागे तो नको. चर्चा करा.

गणिती_गोगलगाय | ३० ऑक्टोबर

ऑर्डर बदलून काय मिळतं ते आधी बघू. एक नंबर खाली सरकलं की पूर्ण सीझनमध्ये १८ च्या आसपास प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला येण्याच्या वेळा) कमी होतात. १६२ सामन्यांनी भागा: एका सामन्यात ०.११. बेट्सला दुसऱ्यावरून चौथ्यावर नेलं तर चार-पाच सामन्यांतून त्याची एक संधी कमी होणार. उरलेत जास्तीत जास्त दोन सामने. त्यामुळे ‘कमी वेळा खेळेल’ हा मुद्दाच नाही, मुद्दा आहे तो कोणाच्या मागे खेळेल याचा.

एरवी आदर्श ऑर्डर आणि रूढ ऑर्डर यांतला फरक वर्षाला १० ते १५ धावांचा, म्हणजे एखाद्या विजयाचा. टीव्हीवर तासभर भांडण्याइतका नक्कीच नाही. पण ही सीरिज एरवीसारखी नाही. तिसऱ्या सामन्यात ओतानी ९ वेळा बेसवर गेला: २ होमर, २ डबल (दोन बेसचा फटका), ५ वॉक. त्या पाचातले ४ जाणूनबुजून दिलेले. समोरची टीम एका हिटरला हात जोडून फर्स्ट बेसवर पाठवायला लागली की त्याच्या मागच्या हिटरचं वजन एकदम वाढतं, कारण त्याला माणसं बेसवर असताना, मोक्याच्या क्षणी बॅट मिळते. सर्वसाधारण नियम असा की तुमचे तीन सर्वोत्तम हिटर १, २ आणि ४ वर. तिसरा नंबर लोक समजतात तितका मोठा नाही, कारण पहिल्या इनिंगमध्ये तो पुष्कळदा दोन आउट, बेस रिकामे अशा वेळी येतो. तेव्हा स्मिथ दुसरा याला माझं अनुमोदन. या सीझनला .२९६ सरासरी आणि ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) .४०० च्या वर.

टोरांटोचा_तात्या | ३० ऑक्टोबर

माझी नम्र विनंती: बेट्सला दुसऱ्याच नंबरवर ठेवा. आमचं उत्तम चाललंय.

थट्टा सोडा. तुम्ही बेट्सच्या नावाने खडे फोडताय, पण जेजनी स्वतःची ऑर्डर किती हलवली ते बघा. तिसऱ्या सामन्यात स्प्रिंगरची बरगडीकडची बाजू धरली. चौथ्यात समोर पिचिंगला उजव्या हाताचा ओतानी (तो पिचिंगही करतो), म्हणून लीडऑफला (पहिल्या नंबरवर) डावखुरा लूक्स. पाचव्यात समोर डावखुरा स्नेल, म्हणून उजव्या हाताचा डेव्हिस श्नायडर. श्नायडरने सामन्याचा पहिलाच बॉल बाहेर भिरकावला आणि मागोमाग गरेरोनेही. बिशेट गुडघा दुखावून आलाय, शॉर्टस्टॉपला हालचाल जमणार नाही म्हणून त्याला सेकंड बेसला उभा केला. तिथे तो मेजर लीगमध्ये कधी खेळला नव्हता! बॅट लाइनअपमध्ये हवी तर ग्लव्हशी तडजोड करायची, हे त्यांनी मुकाट्याने केलं. तुमच्याकडे तीन एमव्हीपी आहेत, त्यामुळे कोणाला हात लावायचा म्हणजे धर्मसंकट.

बॅटकोन | ३० ऑक्टोबर

बेट्स आणि पाहेस या दोघांना एकाच तागडीत तोलू नका. दोघांचं दुखणं वेगळं आहे.

बेट्सची बॅट कधीच सुसाट नव्हती. लीगची सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास, हा कायम त्याखाली. त्याचं भांडवल म्हणजे बॉल बॅटच्या मधोमध घेणं आणि लेफ्ट फील्डकडे हवेत मारणं. ९५ मैलांचा फास्टबॉल पिचरच्या हातातून प्लेटपर्यंत यायला ०.४ सेकंद लागतात. अ‍ॅरन जजसारख्याची बॅट इतकी वेगवान की निम्मा-अर्धा चुकला तरी बॉल कुंपणाशी जातो. बेट्सला ती मुभा नाही. बॅट बॉलच्या अर्धा इंच खालून गेली की लाइन ड्राइव्हचा (सपाट, जोरदार फटक्याचा) पॉपअप होतो. तो यंदा वर्षभर हेच करतोय: इनफिल्डच्या डोक्यावर उंच उडालेले झेल आणि लेफ्ट फील्डरच्या हातात सहज बसणारे फ्लाय बॉल. त्यात वर्षाची सुरुवातच आजारपणाने झाली. मार्चमध्ये टोकियो दौऱ्याच्या वेळी पोटाच्या विकाराने पंधरा-वीस पौंड वजन उतरलं. सीझनची सरासरी .२५८, होमर २०, त्याच्या मानाने अगदीच फिकं.

पण त्याचे स्ट्राइकआउट वाढलेले नाहीत, अजूनही दहा टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे डोळा शाबूत आहे, बॉल ओळखतोय, बॅट लागतेय, चुकतंय ते टायमिंग. अशा हिटरला बसवून काही मिळत नाही. प्रॅक्टिसमध्ये एकच काम द्यायचं: मशीन जोरात लावून प्रत्येक बॉल सेकंड बेसमनच्या डोक्यावरून मारायचा. त्यासाठी बॉल अर्धा फूट आत येऊ द्यावा लागतो, पुढचा खांदा लवकर उघडत नाही, आणि पॉपअप आपोआप कमी होतात.

पाहेसचं तसं नाही. तो मुळातच पहिल्या दिसेल त्या बॉलवर तुटून पडणारा, वॉक फार कमी घेतो. सीझनमध्ये .२७२ आणि २७ होमर आले कारण पिचर चुकत होते आणि हा चुकीची शिक्षा देत होता. पोस्टसीझनमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) पिचर कमी चुकतात. बाहेर जाणारा स्लायडर, मग आतल्या बाजूला फास्टबॉल, पुन्हा बाहेर स्लायडर. तो तिन्हींवर बॅट फिरवतो.

निळा_डगआउट | ३० ऑक्टोबर

हेच म्हणायचं होतं. पाहेस ५० अ‍ॅट-बॅटमध्ये ४ हिट (अ‍ॅट-बॅट म्हणजे वॉक वगळून बॅटिंगची संधी). सरासरी .०८०!

लांब_लेफ्टफील्ड | ३० ऑक्टोबर

५० अ‍ॅट-बॅट हा सॅम्पल आहे का? ओतानीने फिलीविरुद्ध डिव्हिजन सीरिजमध्ये १८ पैकी १ हिट केला, ९ स्ट्राइकआउट. तेव्हाही ‘लीडऑफवरून काढा’ चालू होतं. रॉबर्ट्सने हलवलं नाही. १७ ऑक्टोबरला त्याच माणसाने एकाच सामन्यात ३ होमर मारले आणि पिचिंगला १० जणांना स्ट्राइकआउट केलं. पाहेसला दोन दिवस द्या की. शिवाय सेंटर फील्डला त्याच्याइतका कोण आहे?

गणिती_गोगलगाय | ३० ऑक्टोबर

सॅम्पल म्हणून ओरडण्याआधी हिशेब करू, दहा मिनिटांचं काम आहे.

.२५८ चा हिटर २० अ‍ॅट-बॅटच्या कुठल्याही तुकड्यात ३ किंवा कमी हिट करण्याची शक्यता २० टक्के. म्हणजे बेट्सच्या आत्ताच्या अवस्थेसारखी अवस्था पाचात एकदा नुसत्या नशिबाने येते. .२७२ चा हिटर ५० मध्ये ४ किंवा कमी हिट करेल ही शक्यता हजारात एकाहूनही कमी. आता समोरचे पिचर तगडे आहेत म्हणून पाहेसची खरी पातळी .२३० धरू. तरीही २०० मध्ये एकदा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आपण अख्ख्या पोस्टसीझनमधला सर्वांत वाईट हिटर निकाल लागल्यावर निवडून त्याचा हिशेब करतोय. इतक्या हिटरांमध्ये कोणीतरी २०० मध्ये एकवाला निघणारच. दोन, हिट ही फार उशिरा स्थिरावणारी गोष्ट. स्ट्राइकआउटचं प्रमाण ६० प्लेट अपिअरन्समध्ये बऱ्यापैकी कळतं, वॉकचं १२० च्या आसपास. मैदानात पडलेल्या बॉलवर किती हिट होतात हे कळायला एक सीझनही पुरत नाही. म्हणून सरासरी बघू नका, बॅटकोन म्हणतात ते बघा: कुठल्या बॉलवर बॅट फिरवतोय. तिथे पाहेस खरोखर वाईट दिसतो आणि ओतानीशी त्याची तुलना होत नाही. ओतानीचा पाया उंच आहे, घसरला तरी चार वॉक घेऊन जातो.

गल्लीक्रिकेट | ३० ऑक्टोबर

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक बाळबोध प्रश्न. पाहेसची फील्डिंग चांगली आणि कॉलची बॅट चांगली, तर बॅटिंगला कॉल आणि फील्डिंगला पाहेस असं का करत नाहीत?

निळा_डगआउट | ३० ऑक्टोबर

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, आणि आत येणारा बाहेर जाणाऱ्याचाच बॅटिंग नंबर घेतो. त्यामुळे अदलाबदल एकदाच. म्हणून रिवाज असा की चांगल्या ग्लव्हवाल्याला आठव्या-नवव्या इनिंगला आणायचं, जेव्हा त्याला बॅट मिळण्याची शक्यता कमी असते. पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा डीएच (डेझिग्नेटेड हिटर) वेगळा.

बॅटकोन | ३० ऑक्टोबर

लांब_लेफ्टफील्ड, सेंटर फील्डचा प्रश्न रास्त आहे. एडमनचा उजवा घोटा वर्षभर कुरकुरतोय, म्हणूनच तो सेकंड बेसला खेळतोय. सेंटरला पहिली दोन पावलं जोरात तिरकी टाकावी लागतात, घोट्यावर सगळा भार तिथेच येतो. त्यात टोरांटोत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. पण कीके सेंटर आणि कॉल लेफ्ट यापेक्षा एडमन सेंटर, कीके लेफ्ट, रोहास सेकंड ही रचना बरी. रोहासचे हात इनफिल्डमध्ये सोन्याचे. डबल प्लेला (एका बॉलवर दोन आउट) त्याचा उपयोग होईल. आणि पाहेस शेवटच्या दोन इनिंगसाठी मोकळा राहतो, हाही फायदाच.

टोरांटोचा_तात्या | ३१ ऑक्टोबर, दुपारी

गॉसमनबद्दल कोणी काही बोलेल का? दुसऱ्या सामन्यात त्याने ओळीने १७ जणांना आउट केलं होतं. सातव्या इनिंगमध्ये स्मिथने होमर मारला तेव्हा साखळी तुटली, मागोमाग मन्सीचा. दोनच चुका, त्या भोवल्या.

बॅटकोन | ३१ ऑक्टोबर

गॉसमनकडे मुख्यतः दोनच बॉल: ९४-९५ मैलांचा फास्टबॉल, स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेला, आणि दहा मैल हळू येणारा स्प्लिटर. दोन्ही हातातून एकाच रेषेत निघतात. स्प्लिटर शेवटच्या काही फुटांत खाली कोसळतो. दोन्ही ओळखायचा प्रयत्न केला की संपलात. म्हणून आधी ठरवून जायचं: मांडीच्या उंचीवर निघालेला बॉल सोडून द्यायचा, कारण तो फास्टबॉल असला तर स्ट्राइक जाईल, पण स्प्लिटर असला तर जमिनीत जाणार. कमरेच्या वर निघालेल्यावर बॅट. पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत हे पाळलं की वॉक निघतात. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅट इंचभर वर धरायची आणि फाउल करत राहायचं.

येसॅव्हिजची अडचण वेगळी होती. तो बॉल जवळपास सात फुटांवरून सोडतो, इतक्या उंचीवरून येणारा बॉल हिटर रोज बघत नाहीत. त्या एका रात्रीवरून ऑर्डरबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

डावा-उजवा क्रमही महत्त्वाचा. २०२० पासून रिलीव्हरला (मधे येणाऱ्या पिचरला) किमान तीन हिटर किंवा इनिंगचा शेवट हे बंधन आहे. ओतानी डावा, स्मिथ उजवा, फ्रीमन डावा, बेट्स उजवा. मग जेजचे डावखुरे फ्लुहार्टी किंवा लिटल यांना फक्त ओतानीसाठी आणता येणार नाही, स्मिथशी गाठ पडणारच. डगआउटरावांची ऑर्डर या कसोटीला उतरते. पाचव्या सामन्यातली नव्हती, तिथे स्मिथ-बेट्स लागोपाठ उजवे होते.

निळा_डगआउट | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी

लाइनअप आली! ओतानी, स्मिथ, फ्रीमन, बेट्स. एडमन सेंटर, रोहास सेकंड. पाहेस बेंच. रॉबर्ट्स हा धागा वाचतो असं म्हणायला हरकत नाही.

लांब_लेफ्टफील्ड | ३१ ऑक्टोबर

रोहास नवव्या नंबरवर! महिनाभर हिट नाही त्याच्या नावावर. पाहेसला काढून हा?

निळा_डगआउट | ३१ ऑक्टोबर, मध्यरात्रीनंतर

डॉजर्स ३-१ ने जिंकले. सातवा सामना!

तिसरी इनिंग जशीच्या तशी मांडतो, कारण अख्खी चर्चा तिच्यात आहे. एडमनचा डबल. जेजनी ओतानीला जाणूनबुजून वॉक दिला. पूर्वी इथे बेट्स यायचा आणि पॉपअप व्हायचा. आता आला स्मिथ: लेफ्टला डबल, एडमन घरी. पहिला बेस रिकामा झाला तसा गॉसमनने फ्रीमनलाही जपून टाकलं, वॉक. बेसेस भरले. आणि चौथ्या नंबरवर बेट्स. लेफ्टला सिंगल, दोन धावा. तीनही धावा त्याच इनिंगच्या.

गणिती_गोगलगाय | १ नोव्हेंबर

अभिनंदन, पण ऑर्डर ‘चालली’ असं सिद्ध होत नाही. एका सामन्यावरून ते कधीच होत नाही. एवढंच म्हणता येईल की ओतानीला वॉक देण्याची किंमत जेजसाठी वाढली, आणि ती पहिल्याच संधीत मोजावी लागली. बेट्सने तो बॉल सरळ फिल्डरच्या हातात मारला असता तरी निर्णय तितकाच बरोबर ठरला असता.

टोरांटोचा_तात्या | १ नोव्हेंबर

नवव्या इनिंगबद्दल बोलायची इच्छा नाही, तरी बोलतो. आमच्या कर्कला डॉजर्सच्या सासाकीचा बॉल लागला, म्हणून फर्स्ट बेस. बार्जरने डाव्या-मधल्या कोपऱ्यात हाणला, बॉल कुंपणाच्या गादीखाली रुतला, डॉजर्सच्या आउटफिल्डरने हात वर केले, नियमाने डबल. रुतला नसता तर एक धाव नक्की होती. पिचिंगला ग्लासनाउ आला, क्लेमेंट पहिल्याच बॉलवर पॉपअप. मग हिमेनेझचा उथळ लाइनर, कीके धावत आला, झेल घेतला आणि सेकंडला फेकला. बार्जर परत यायला उशीर. सामना खलास.

रनरची चूक म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: तो बॉल पडला असता तर बार्जर बरोबरीची धाव होता. एक पाऊल जास्त गेला तो.

बॅटकोन | १ नोव्हेंबर

तो एक आउट नीट बघा. कीके मुळातच खूप पुढे उभा होता. हिमेनेझ ताकदवान हिटर नाही, खेळला तर सिंगल, आणि सिंगलवर दुसरी धाव घरी रोखायची असेल तर लेफ्ट फील्डर पुढेच हवा. फेकीच्या दुसऱ्या टोकाला रोहास. बॉल उसळी घेऊन आला, बेसवर पाय ठेवून त्याने तो ओढून घेतला. लांब_लेफ्टफील्ड, रोहास का, याचं उत्तर.

लांब_लेफ्टफील्ड | १ नोव्हेंबर

मान्य, ग्लव्हसाठी ठीक. आज काय? यामामोतो काल ९६ बॉल टाकून थकला असेल. ओतानी सुरुवातीला की शेवटी?

गणिती_गोगलगाय | १ नोव्हेंबर

सुरुवातीलाच, आणि कारण नियमात आहे. डीएच म्हणून खेळणारा पिचर सामना स्वतः सुरू करतो तेव्हा माउंडवरून उतरल्यावरही डीएच राहू शकतो, हा २०२२ पासूनचा नियम. पण तोच मधे रिलीव्हर म्हणून आला की टीमचा डीएच जातो. त्यानंतर पिचिंग सोडायची तर त्याला आउटफिल्डला उभं करावं लागतं, नाहीतर त्याची बॅट सामन्यातून बाहेर. म्हणून शेवटी आणण्यात जोखीम, आधी आणण्यात नाही. मात्र चौथा सामना २८ ला टाकलाय, मधे तीनच दिवस विश्रांती. दोन-तीन इनिंगपलीकडे अपेक्षा ठेवू नका.

निळा_डगआउट | २ नोव्हेंबर, पहाटे

डॉजर्स ५-४. ११ इनिंग. लागोपाठ दुसऱ्या वर्षी चॅम्पियन.

ओतानीला तिसऱ्या इनिंगमध्ये बिशेटने तीन धावांचा होमर मारला, ०-३. तेओस्कारचा सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला, पण रनर घरी), मग एडमनचा. जेज ४-२. आठव्यात मन्सीचा येसॅव्हिजवर होमर, ४-३. नवव्यात एक आउट, हॉफमन बॉलिंगला, काउंट ३-२ (३ बॉल, २ स्ट्राइक), आणि रोहास. होमर! अकराव्यात जेजच्या बीबरवर स्मिथचा होमर.

लांब_लेफ्टफील्ड | २ नोव्हेंबर

रोहासबद्दल मी काही लिहिलं होतं का? छे. पण पाहेसबद्दल लिहिलेलं सगळं माझंच आहे हं. नवव्यात बेसेस भरलेले, एक आउट, आणि रॉबर्ट्सने पाहेसला सेंटरला आणलं. फ्लाय बॉलवर घरी फेकायला हात हवा म्हणून. दोन आउट झाले आणि क्लेमेंटने डाव्या-मधल्या दिशेला उंच हाणला. कीके मागे धावतोय, पाहेस तिरका आला, कीकेच्या अंगावर आदळून झेल घेतला. एडमनचा दुखरा घोटा तिथे पोचला असता का? माझ्या मते नाही.

बॅटकोन | २ नोव्हेंबर

माझ्याही मते नाही. .०८० वाल्याला लाइनअपमध्ये ठेवायचं नसतं, रोस्टरवर (संघाच्या यादीत) ठेवायचं असतं.

टोरांटोचा_तात्या | २ नोव्हेंबर

आता जेजच्या निवडींचा पंचनामा, कारण हा सामना आमच्या ऑर्डरमध्येच हरलाय. क्लेमेंटचे पोस्टसीझनमध्ये ३० हिट, विक्रम. गरेरोचे ८ होमर. आणि तरीही.

नववी इनिंग, एक आउट. बिशेटचा सिंगल, त्याच्या जागी कायनर-फलेफा धावायला. बार्जरला वॉक, कर्कला बॉल लागला, बेसेस भरले. वार्शोचा जमिनीवरून बॉल रोहासकडे, रोहासने घरी फेकला, कायनर-फलेफा वीतभर कमी पडला. रिप्लेतही स्मिथचा पाय प्लेटवर दिसला. थर्ड बेसवर त्याची लीड (बेसपासून पुढे सरकून उभं राहण्याचं अंतर) एवढीशी का होती? लाइन ड्राइव्हवर डबल प्ले होऊ नये म्हणून जवळ राहायला सांगितलं होतं, हे त्यानेच नंतर सांगितलं. आदल्या रात्री बार्जर तसाच आउट झालेला, म्हणून दूध पोळल्यासारखं ताक फुंकलं. पण बेसेस भरलेले असताना घरी टॅग लागत नाही, नुसता फोर्स असतो (प्लेटवर पाय ठेवून बॉल घेतला की आउट). तिथे एक-एक फूट मोलाचा.

गणिती_गोगलगाय | २ नोव्हेंबर

तात्या, लीडपेक्षा बिशेटला काढणं मला जास्त खटकतं. गुडघा दुखरा होता, सेकंडवरून एका हिटवर घरी येणं त्याला कठीण, हे कबूल. पण स्कोअर बरोबरीत होता, सामना लांबला तर तुमच्या तीन धावा आणणाऱ्या हिटरचा नंबर पुन्हा येणार. आलाच. अकरावी इनिंग, गरेरोचा डबल, शून्य आउट, पाठोपाठ बिशेटच्या जागी कायनर-फलेफा. त्याने बंट केला (बॅट न फिरवता बॉल हलकेच पुढे टाकला).

सेकंडला रनर, शून्य आउट असताना किमान एक धाव येण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या थोडी वर. थर्डला रनर, एक आउट असताना ती पासष्टच्या आसपास. म्हणजे बंट चुकीचा नव्हता, पण एकूण अपेक्षित धावा कमी झाल्या आणि एकाच धावेने फक्त बरोबरी होणार होती. बिशेट असता तर बंटचा विषयच निघाला नसता.

टोरांटोचा_तात्या | २ नोव्हेंबर

आणि मग बार्जरला वॉक, फर्स्ट आणि थर्ड, एक आउट. डबल प्लेला याहून चांगलं ताट कोणी वाढून देत नाही. बॅटला कर्क, धावण्यात लीगमधल्या सर्वांत मंद हिटरांपैकी एक. यामामोतोने खाली टाकला, बॅट तुटली, बॉल शॉर्टस्टॉपकडे. बेट्सने स्वतः सेकंडवर पाय ठेवला आणि फर्स्टला फेकला.

निळा_डगआउट | २ नोव्हेंबर

सीरिजभर .१५० च्या खाली सरासरी असलेला तो बेट्स. पुढच्या वर्षी तो दुसरा की चौथा, यावर वेगळा धागा काढतो. स्प्रिंग ट्रेनिंगला अजून साडेतीन महिने आहेत.